ठळक तिरपा स्लॅब सेरिफ: त्याचा स्वभाव, निवड आणि देवनागरीशेजारची मांडणी

बडोद्यात रावपुऱ्यातून मांडवीकडे जाताना पाट्या नीट वाचल्या, तर काही ठिकाणी गुजराती, देवनागरी आणि रोमन या तीनही लिप्या एकाच पाटीवर आढळतात. त्यांपैकी रोमन ओळ सहसा शेवटी आणि घाईत बसवली जाते. मालकाला नाव जोरदार दिसायला हवे असते, म्हणून ऑपरेटर हाताशी असलेला एखादा फॉन्ट निवडतो, ठळक आणि तिरपे करणारी दोन्ही बटणे दाबतो आणि काम छपाईला पाठवतो. पण जोर आणि वेग या दोन्ही गोष्टी ज्याच्या रचनेतच आहेत असे एक अक्षर गेली कित्येक दशके उपलब्ध आहे, ते म्हणजे ठळक तिरपा स्लॅब सेरिफ. ते कसे ओळखावे, कोणत्या कामाला घ्यावे आणि आपल्या लिपीशेजारी कसे बसवावे, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. हे अक्षर थोड्या शब्दांसाठीच आहे आणि देवनागरीशेजारी येताना त्याने शिरोरेषेचे माप पाळले पाहिजे, असे माझे मत आहे आणि पुढचे सारे विवेचन त्याच दोन गोष्टींना धरून आहे.

अक्षराची घडण

रोमन अक्षराच्या उभ्या दांड्याला वर आणि खाली जी लहान आडवी पट्टी असते, तिला सेरिफ म्हणतात. पुस्तकी वळणात ही पट्टी बारीक असते आणि टोकाकडे निमुळती होत जाते. स्लॅब सेरिफमध्ये मात्र ती जवळजवळ दांड्याइतकीच जाड असते आणि तिचे टोक सरळ कापलेले असते. ही पट्टी दांड्याला एकतर थेट काटकोनात मिळते किंवा सांध्यापाशी थोडासा बाक घेऊन मिळते. रॉकवेल आणि मेम्फिस हे पहिल्या प्रकारचे, तर क्लॅरेंडन हे दुसऱ्या प्रकारचे ठळक उदाहरण आहे. काटकोनी सांधा यंत्रासारखा करकरीत दिसतो, बाकदार सांधा त्याच वजनात, म्हणजे रेषेच्या तेवढ्याच जाडीत, थोडा मवाळपणा आणतो. खाद्यपदार्थांच्या वेष्टनासाठी मी बाकदार सांधाच पसंत करतो.

हे वळण जन्माला आले तेच जाहिरातीसाठी. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सने १८१५ च्या सुमारास आपल्या नमुनापुस्तकात ते ‘अँटिक’ या नावाने दाखवले. पुस्तकांसाठी पाडलेले खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, भिंतीवरच्या मोठ्या जाहिरातींत फिके पडत होते आणि छापखान्यांना लांबून वाचता येतील अशी दणकट अक्षरे हवी होती. पुढे १८४५ मध्ये रॉबर्ट बेझ्लीच्या फॅन स्ट्रीट या खिळे ओतणाऱ्या ओतशाळेतून क्लॅरेंडन बाहेर पडले. त्याचे महत्त्व वेगळ्या कारणासाठी आहे. साध्या मजकुरात एखादाच शब्द ठसठशीत उठून दिसावा, जसा शब्दकोशातला मूळ शब्द, या कामासाठी ते घडवलेले होते. ठळक अक्षर म्हणजे मजकुराच्या मधोमध खूण करण्याचे साधन ही जी सवय आज आपल्या हाडीमाशी मुरली आहे, तिची सुरुवात बरीचशी इथे आहे. विसाव्या शतकात भूमितीच्या शिस्तीत आखलेले स्लॅब आले. रुडॉल्फ वोल्फचे मेम्फिस १९२९ चे आणि मोनोटाइप कंपनीचे रॉकवेल १९३४ चे.

टाइपरायटरच्या अक्षरांनाही अशाच लांब पट्ट्या असतात, पण त्यामागचे कारण निराळे आहे. त्या यंत्रात प्रत्येक अक्षराला सारखीच रुंदी मिळते. त्यामुळे ‘आय’ किंवा ‘एल’ यांसारखे सडपातळ अक्षर आपल्या जागेत एकटे पडते आणि ती मोकळी जागा भरण्यासाठी त्याला रुंद पाया द्यावा लागतो. गोदरेजने १९५५ पासून भारतात बनवलेल्या टाइपरायटरांमुळे कचेऱ्यांतील कागदपत्रांवर हे रूप आपल्या पाहण्यात आहे. म्हणूनच बारीक स्लॅब आपल्याला सरकारी वाटतो आणि ठळक स्लॅब बाजारी, म्हणजे चांगल्या अर्थाने बाजारात उभा राहणारा वाटतो.

आता तिरपेपणाकडे येऊ. जाड पट्ट्या अक्षराला जमिनीवर रोवतात आणि तिरपेपणा त्याला पुढे ढकलतो. जुम्मादादा व्यायाममंदिराची परंपरा लाभलेल्या बडोद्यात वेगळे सांगायला नको की पाय फाकवून पक्का उभा राहिलेला आणि तरीही पुढे झुकलेला पैलवान जसा दिसतो, तसाच या अक्षराचा पवित्रा असतो. केवळ जोर हवा असेल तर उभा ठळक स्लॅब पुरतो आणि केवळ वेग हवा असेल तर सेरिफ नसलेले तिरपे अक्षर अधिक हलके धावते. दोन्ही एकदम हवे असतील तेव्हाच या तिसऱ्याकडे वळावे.

खरा तिरपा आणि नुसता कलवलेला

तिरप्या अक्षरांचे दोन वंश आहेत. एकात अक्षरे हाताने लिहिल्यासारखी पुन्हा आखलेली असतात. लहान लिपीतला ‘ए’ एका पोटाचा होतो, ‘एफ’ची शेपटी बहुधा ओळीखाली उतरते, आणि ‘एन’च्या प्रत्येक पायाखाली पूर्ण पट्टी न राहता शेवटच्या पायाला फक्त बाहेर जाणारा एक जाड फटकारा राहतो. पीटर मॅथियास नोर्डझाय यांचे १९९० चे सेसिलिया याचे उत्तम उदाहरण आहे. दुसऱ्या वंशात उभीच अक्षरे कलवून मग दुरुस्त केलेली असतात. रॉकवेलचा तिरपा प्रकार मुख्यतः असा आहे. दोन्ही पद्धती प्रामाणिक आहेत, कारण दोन्हींत आरेखनकाराने प्रत्येक अक्षर डोळ्यांखालून घातलेले असते.

दोष आहे तो तिसऱ्या प्रकारात, म्हणजे संगणकाने आपोआप कलवलेल्या अक्षरात. वर्तुळाकार ‘ओ’ घेऊन तो यंत्राने उजवीकडे कलवला, तर त्याची जाडी वरच्या उजव्या आणि खालच्या डाव्या बाजूला फुगते, आणि वरच्या डाव्या व खालच्या उजव्या बाजूला आटते. साध्या वजनात हे एकवेळ खपते. ठळक वजनात मात्र तो ‘ओ’ एका बाजूने सुजल्यासारखा दिसतो आणि त्याच्या शेजारी जाड पट्ट्या जशाच्या तशा आडव्या राहिल्याने विसंगती अधिकच डोळ्यांत भरते. ठळक करण्याचे बटणही असेच आहे. फॉन्टमध्ये ठळक वजन मुळातच नसेल, तर संगणक रेषेला बाहेरून आणखी रेघ लावतो आणि ‘ए’ किंवा ‘ई’च्या पोटातली पांढरी जागा खाऊन टाकतो.

म्हणून फॉन्ट निवडतानाच त्याच्या यादीत ठळक तिरपा प्रकार वेगळा दिलेला आहे का, हे पाहावे. कार्यालयीन संगणकांवर पुष्कळदा रॉकवेल असतो आणि त्यात तो प्रकार आहे. विनामूल्य आणि खुल्या परवान्याच्या फॉन्टांपैकी आर्वो, झिला स्लॅब, अलेओ आणि बिटर यांमध्ये तो मिळतो, आणि या परवान्यानुसार व्यावसायिक कामातही ते निर्धास्त वापरता येतात. रोबोटो स्लॅब आणि आल्फा स्लॅब वन हे दोन्ही फार लोकप्रिय असले, तरी त्यांना तिरपा प्रकार नाही. त्यांच्यावर तिरपे करण्याचे बटण दाबले की मिळते ते वर सांगितलेले सुजलेले अक्षर. एकच निवडायचे झाल्यास मी झिला स्लॅब निवडेन, कारण त्यात मधली वजनेही आहेत आणि पुढे सांगितलेल्या शिरोरेषेच्या जुळणीसाठी ती फार उपयोगी पडतात.

कोठे घ्यावे, कोठे टाळावे

या अक्षराचे सर्वांत चोख काम अंकांत दिसते. दुकानातल्या सवलतीच्या पाटीवरची किंमत, खेळाडूच्या बनियनवरचा क्रमांक, गणेशोत्सव मंडळाच्या क्रीडास्पर्धेतले गटक्रमांक, टेम्पोच्या बाजूवर रंगवलेला फोन नंबर या साऱ्यांत आंतरराष्ट्रीय अंकांना पट्टीचा मोठा आधार मिळतो. ‘एक’ हा अंक इतर अक्षरांत नुसती काठी होतो आणि लांबून ‘सात’शी गफलत होते. स्लॅबमध्ये त्याला खाली रुंद बैठक असते आणि ‘सात’ला वरच्या डाव्या टोकाशी खाली वळलेला दाता असतो, त्यामुळे दोघे लांबूनही वेगळे राहतात. मालवाहतूक, खेळाचे साहित्य, अवजारे, चहा, लोणची, मसाले यांच्या नावांना आणि स्मरणिकेतल्या जाहिरातींच्या मथळ्यांनाही ते शोभते.

लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचा फलक, वैद्यकीय सूचना, कायदेशीर नोटीस ही कामे या अक्षराची नव्हेत. सलग मजकुरासाठीही ते घेऊ नये. चार-पाच शब्दांची एक ओळ, फार तर दोन, ही त्याची मर्यादा समजावी. त्यापलीकडे वरच्या आणि खालच्या पट्ट्यांचे दोन काळे पट्टे पानभर धावू लागतात आणि शब्दांचे आकार त्यांत हरवतात.

एक पाटी जवळून पाहू

दांडिया बाजारातल्या एखाद्या व्यायामशाळेसाठी सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच पाटी करायची आहे, असे धरू. वरची ओळ गुजराती, मधली मराठी, खालची रोमन. विषय असा आहे की ठळक तिरपा स्लॅब इथे शंभर टक्के चालेल, पण शब्द मात्र त्याची परीक्षा पाहणारा आहे.

आधी आपल्या दोन लिप्या बसवाव्यात. एकाच घराण्यातले फॉन्ट घेतल्यास निम्मे काम सोपे होते. एक टाइप या मुंबईच्या संस्थेच्या मुक्ता घराण्यात देवनागरीसाठी मुक्ता आणि गुजरातीसाठी मुक्ता वाणी आहे. बलू घराण्यातही दोन्ही लिप्या आहेत, फक्त बलूचा गोलाई असलेला स्वभाव काटकोनी स्लॅबशेजारी थोडा लाडिक दिसतो. गुजरातीला शिरोरेषा नसते, म्हणून त्याच वजनात ती ओळ देवनागरीपेक्षा वरच्या बाजूने हलकी वाटते. तिला एक पायरी जाड वजन द्यावे. रोमन ओळ गुजरातीला चिकटून ठेवू नये, कारण स्लॅबच्या आडव्या पट्ट्यांना जबाब देणारे काहीच गुजरातीत नसते. देवनागरीशेजारी मात्र त्या पट्ट्या आपल्या माणसांत आल्यासारख्या बसतात, म्हणून देवनागरी ओळ मध्ये असणे फायद्याचे आहे.

आता मोजमाप. ‘व्यायामशाळा’ या देवनागरी शब्दाच्या शिरोरेषेवर, तिच्या जाडीइतकाच, एक लाल चौकोन काढावा. तो उचलून रोमन अक्षराच्या पट्टीवर ठेवावा. पट्टी चौकोनाच्या बाहेर डोकावत असेल, तर रोमन ओळ शिरजोर होणार हे निश्चित. अशा वेळी तिचा आकार कमी करावा किंवा एक पायरी हलके वजन घ्यावे. पट्टी चौकोनाहून बारीक निघाली तर उलट करावे. दोन्ही जाड्या जुळल्या की वेगवेगळ्या लिप्यांच्या ओळी एकाच हाताने रंगवल्यासारख्या दिसतात. याच वेळी उंचीही पाहावी. समान पॉइंटमध्ये, म्हणजे अक्षराच्या समान मापात, पुष्कळ देवनागरी फॉन्ट रोमनहून लहान भासतात, म्हणून शिरोरेषा रोमनच्या लहान अक्षरांच्या माथ्याच्या वर आणि मोठ्या अक्षरांच्या माथ्याच्या खाली येईल, इतका देवनागरीचा आकार वाढवावा.

रोमन शब्दाच्या आरंभी ‘व्ही, वाय, ए, वाय, ए, एम’ अशी अक्षरे येतात. सगळी मोठ्या लिपीत लिहिली, तर ‘व्ही’ आणि ‘वाय’ यांच्या माथ्यावरच्या पट्ट्या समोरासमोर येऊन एकमेकींना अडवतात आणि त्यांच्या खाली पांढऱ्या जागेचा मोठा त्रिकोण उघडा पडतो. लगेच पुढे ‘वाय’ आणि ‘ए’ येतात. त्यांच्यातल्या एकाचा पसारा वर आणि दुसऱ्याचा खाली असल्यामुळे ते एकमेकांत घुसतात. शब्द आधी विस्कटतो आणि मग आवळतो. तिरपेपणामुळे यात आणखी भर पडते, कारण ‘व्ही’चा डावा दांडा जवळजवळ उभा होतो आणि उजवा फारच कलतो, तर ‘ए’चे नेमके उलट होते. मोठीच अक्षरे हवी असतील, तर ‘व्ही’ आणि ‘वाय’ यांच्या पट्ट्या जोडून एकच करावी आणि ‘वाय’ व ‘ए’ यांच्यात मुद्दाम थोडी हवा सोडावी. त्याहून सोपा आणि माझ्या मते अधिक देखणा मार्ग म्हणजे पहिले अक्षर मोठे ठेवून पुढची लहान लिपीत घेणे. खऱ्या तिरप्या वळणातला एका पोटाचा ‘ए’ आणि वाहत्या पायांचा ‘एम’ शब्दाला सलग पुढे नेतात आणि पट्ट्यांची गर्दीही निम्म्यावर येते.

रोमन ओळ तिरपी झाली की देवनागरीही तिरपी करण्याचा मोह होतो. तो आवरावा. आपल्या लिपीत शिरोरेषा आडवीच राहते आणि काने तेवढे कलतात, त्यामुळे वेलांट्या आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन पडतात आणि यंत्राने कलवलेल्या ‘व’ आणि ‘य’च्या पोटांना तीच सूज येते. देवनागरीत गती आणण्याचा चांगला उपाय पाट्या रंगवणारे कलाकार वापरत आले आहेत. ते अक्षर कलवत नाहीत, ओळच चढती ठेवतात. संगणकावर हे करताना सगळा शब्द फिरवू नये, कारण तसे केल्यास काने मागे रेलतात आणि शब्द माघार घेतल्यासारखा दिसतो. काने उभेच ठेवून शिरोरेषा उजवीकडे चार-पाच अंश उचलावी, म्हणजेच कोरलड्रॉ या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमधला स्क्यू, म्हणजे कलवण्याची सोय, उभ्या दिशेने द्यावा. एवढ्या कोनात अक्षराची मोडतोड जाणवत नाही. खालच्या रोमन ओळीलाही तेवढाच चढ अशाच रीतीने द्यावा. तिचा मूळ तिरपेपणा यात जवळजवळ तसाच राहतो आणि दोन्ही ओळी एका दिशेने निघतात. कुस्तीच्या दंगलीच्या बॅनरवर ही रचना फार उठते. कायमच्या पाटीवर मात्र मी ओळी सरळच ठेवीन.

१९५० पासून ललितकला विद्याशाखा असलेल्या शहरातल्या पाट्यांकडून एवढ्या काळजीची अपेक्षा ठेवणे मला मुळीच जास्तीचे वाटत नाही.

पडद्यावर आणि छापखान्यात

संकेतस्थळावर मथळ्याला ठळक तिरपी शैली दिली आणि त्यात मराठी शब्द आले, तर देवनागरी फॉन्टला बहुधा तिरपा प्रकार नसल्यामुळे ब्राउझर तो स्वतः कलवतो. अशा कृत्रिम तिरपेपणाचा ठरलेला कोन १४ अंशांचा आहे, आणि देवनागरीला तो फारच होतो. मराठी मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदवावी, त्या भागाला सरळ शैली द्यावी आणि ब्राउझरला अक्षरे कृत्रिमरीत्या कलवू देणारा फॉन्ट-सिंथेसिस हा गुणधर्म बंद करावा. भाषा नोंदवल्याने आणखी एक लाभ होतो. ज्या फॉन्टांत तशी सोय आहे, त्यांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे न येता मराठी वळणाचे येतात.

श्रीलिपी या जुन्या टंकन-सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या फाइलींत वेगळी खबरदारी लागते. त्यांत देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात, त्यामुळे चुकून सगळा परिच्छेद निवडून त्याला स्लॅब फॉन्ट दिला, तर मराठी मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटते. फक्त रोमन शब्द निवडावेत आणि बदल फाइलीच्या प्रतीवर करावेत.

छपाईच्या पद्धतीनुसार अक्षरांतली जागा बदलावी लागते. फ्लेक्सवर मोठ्या आकारात अक्षरे थोडी जवळ आणली तरी चालतात. कापडावरच्या स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई पसरते आणि पट्टी व दांडा यांच्या सांध्यातला कोपरा आधी बुजतो, म्हणून तिथे अक्षरे सुटी ठेवावीत आणि एक पायरी हलके वजन घ्यावे. गडद पार्श्वभूमीवर पांढरे अक्षर असेल तेव्हाही हेच करावे. कागदावर नऊ-दहा पॉइंटच्या खाली हे अक्षर उतरवू नये, कारण ‘ई’चे पोट मिटते आणि तो ‘सी’ आहे की ‘ओ’, हे कळेनासे होते.

अंतिम फाइल देण्यापूर्वी पाटीचा एखादा भाग खऱ्या मापात, काळ्या-पांढऱ्या रंगात छापून घ्यावा, भिंतीवर लावावा आणि रस्त्याच्या पलीकडून पाहावा. रंग आधी आला की जाडीतली विसंगती लपून राहते. मान्य झालेल्या रचनेतली अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या रेखाकृतींत, बदलून छापखान्याला द्यावीत, म्हणजे तिथल्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी दुसरा बसणार नाही. मजकूर बदलता येईल अशी मूळ प्रत, फॉन्टचे नाव आणि वजन फाइलीच्या नावातच लिहून, आपल्याजवळ वेगळी ठेवावी, कारण फोन नंबर बदलला की हीच पाटी पुन्हा करायला येते.